थांबलेला आकडा

"दुसऱ्याच्या खोलीत डोकावून खुशाल बघ. लिहायचं मात्र आपल्याच खोलीत."

यासुमासानं चिझुरूला हे सांगितलं तेव्हा दोघांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कागद कारखान्यात ती दोघं सामाईक मेमरीची कार्डं बसवत होती. एक चिझुरूच्या कपाटात, म्हणजे ओला कागद पिळणाऱ्या रुळांकडे; दुसरं त्याच्या, वाळवणीकडे. त्या कार्डांमुळे दोन्ही कपाटांतल्या नियंत्रण-यंत्रांची पाटी एकच. अर्धी तिच्या यंत्रानं लिहायची, अर्धी त्याच्या. वाचायची मात्र दोघांनी सगळी.

"नवऱ्याच्या खोलीत बायकोला बंदी? सासूबाईंना विचारून आलास वाटतं!" ती म्हणाली होती, आणि हसताना त्याच्या हातून स्क्रू निसटून कपाटाखाली गेला होता.

आपल्या अर्ध्या पाटीच्या पहिल्याच चौकटीत त्यानं एक आकडा ठेवला होता. सतत एकेकानं वाढणारा. त्याचा अर्थ एवढाच, की मी जिवंत आहे. तो थांबला, की चिझुरूच्या यंत्रानं आपले रूळ थांबवायचे. कारण रुळांच्या आसपास माणसं वावरत असतात.

यासुमासा ऐन थंडीत गेला. इस्पितळात त्यानं तिच्याकडून एक वचन घेतलं होतं. "पहिल्या ओबोनला मला डोंगरावरच्या देवळात, आईच्या अस्थींशेजारी नेऊन ठेव. घरात धरून बसू नकोस." ती हो म्हणाली होती.

ओबोन, पितरांचा उन्हाळी सण, आला. पितर घरी येण्याच्या दिवशी तिनं काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा केला, त्यानं लवकर यावं म्हणून. परतीसाठी वांग्याची गाय करतात, सावकाश जाणारी. ते वांगं टोपलीतच राहिलं. अस्थींचा कलशही पांढऱ्या कापडात देव्हाऱ्यापुढे तसाच होता. आज पितरांना निरोप देण्याचा दिवस, आणि ती कामावर आली होती.

सुट्टीत वाळवणीच्या जुन्या कपाटाशेजारी नवं बसवलं होतं. आज सकाळी जुन्याची वीज तोडली तेव्हा ती आपल्या स्क्रीनसमोर होती. आकडा थांबला. पुसला गेला नाही. तिच्या कार्डात त्याचं शेवटचं लिहिलेलं तसंच राहिलं होतं.

संध्याकाळ होत आली तरी कारखाना सुरू होईना. नव्या यंत्रात तो वाढता आकडा घालायचाच राहिला होता. तिचं यंत्र म्हणे, शेजारी कुणी नाही.

"सोनोबेसान, एक युक्ती सांगू?" नवं यंत्र बसवायला आलेला तोकुहिरो चिझुरूला म्हणाला. "वाटणीत ती एक चौकट तुमच्या नावावर करा. आकडा तुमच्याच यंत्रातून वाढवत ठेवू. त्याला वाटेल, शेजारचं यंत्र जागं आहे. नीट नंतर करू."

"करा की हो!" विभागप्रमुख कामेई घाम पुसत म्हणाले. "मेलेला माणूस काय उठून तपासायला येणार आहे?" आणि त्यांनी जीभ चावली. "माफ करा, सोनोबेसान. उकाड्यानं डोकं फिरलंय माझं."

"असू दे," ती हळूच म्हणाली. तिनं वाटणीचं पान उघडलं. चौकट आपल्या नावावर केली. आता फक्त पक्कं करायचं होतं.

तेवढ्यात पिशवीतला फोन थरथरला. यासुमासाचा निरोप होता: "भात लावलाय."

तिचं काम सुटताना तो रोज घरून हेच लिहायचा. आता रोज सकाळी देव्हाऱ्यात भात-पाणी ठेवून, घंटा वाजवून झालं, की ती त्याच्या फोनवरून संध्याकाळी आपोआप येईल असा निरोप स्वतःच लावून ठेवी. आणि संध्याकाळी तो आला, की तिची पावलं भरभर घराकडे वळत.

तिनं ते दोन शब्द पुन्हा वाचले. मग तिनं चौकट परत होती तशी केली.

"नको, तोकुहिरोसान."

"अहो, दोन दिवसांचा तर प्रश्न!"

"त्या दोन दिवसांत तुमचं यंत्र खरंच बंद पडलं तर? आकडा मीच वाढवत बसलेली असेन. माझ्या यंत्राला कळणारच नाही. कुणाचा हात रुळात गेला, तर तो कुठून आणायचा?" ती स्क्रीनकडे वळली. "शेजारी कुणी नाही, तर नाही. कळू दे त्याला."

कामेईंनी घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे. "थांबतो आम्ही," ते म्हणाले.

तोकुहिरोनं नव्या यंत्रात आकडा घातला. वाटणी पुन्हा भरायची, तर जुनं पुसणं आलं. ते तिनंच केलं. यासुमासाचा आकडा शून्य झाला. मग एक आला. दोन. तीन. तो आता दुसऱ्याच कुणाचा होता. रूळ फिरू लागले तशी तिनं स्क्रीनकडे पाठ केली आणि तोंडावर रुमाल धरला.

घरी आल्यावर तिनं देवळात फोन केला. "भटजी, आज उशीर होईल, चालेल?"

"या. दिवा ठेवतो," म्हातारा म्हणाला. एवढंच.

मग यासुमासाचा फोन बंद करून तिनं खणात ठेवला. टोपलीतल्या वांग्याला काड्यांचे चार पाय लावले. एक वाकडा बसला. तिनं तो तसाच राहू दिला. घंटा वाजवली, दोन्ही हातांनी कलश छातीशी घेतला, आणि दार ओढून घेऊन ती डोंगराकडच्या बसच्या थांब्याकडे सावकाश चालू लागली.