तिसऱ्या बरणीतला पाला

तेजलने तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा तिला कोण आनंद झाला होता! लोणावळ्याच्या कॉलेजातली प्रयोगशाळा, नळीत जांभळं द्रावण, त्यात पाल्याच्या अर्काचे थेंब, आणि बघता बघता रंग उडालेला. जितक्या लवकर रंग उडेल तितका पाला अँटिऑक्सिडंट म्हणून जोरदार. गावाकडे, आंदर मावळात, औषधाला वापरतात त्यातले पाच पाले तिने आणले होते, घरीच सावलीत वाळवून, कुटून बरण्यांत भरले होते. सरांच्या शिस्तीने बरण्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे. थोडी थोडी पूड कॉलेजात नेली, बरण्या घरी फळीवरच राहिल्या.

"तीन नंबर पहिला आला!" असं तिने व्हिडिओखाली लिहिलं. आईने फोनवर विचारलं, तर शरीराला आतून गंज चढतो आणि असला पाला तो रोखतो, असं समजावूनही सांगितलं. एवढं शहाणपण पाजळलं, पण तीन नंबर म्हणजे कण्हेर, हे काही बाईसाहेबांच्या तोंडून निघालं नाही. कण्हेरीचा पाला गावात खरजेला वरून लावतात. पोटात गेला तर विष. आणि नळीतल्या रंगाला विष ओळखता येत नाही.

आठवड्याभराने ती नळ्या धूत होती, तेव्हा आईचा फोन आला.

"तेजू, तुज्या तीन नंबरचा काढा दिला गं पप्पांना. शुगर लय वाढलीया. म्हनलं, गंज तरी उतरल. पर ते वकाऱ्याच काढाया लागलं."

तेजल फोनवर ओरडलीच. "आये, ती कन्हेर हाय! शेजारच्या धम्मदीपदादाला पिकअप काढाया लाव. कामशेतला दवाखान्यात आन, आत्ताच्या आत्ता!"

 पलीकडून आईचा, रतनबाईचा, बारीक आवाज, "व्हय," आणि फोन बंद.

तेजलची मैत्रीण चैताली हिने स्कूटर काढली. जुन्या हायवेने कामशेत गाठेपर्यंत तेजल फोन लावत होती आणि फोन लागत नव्हता. आंदर मावळातून उतरताना रेंज असतेच कुठे? कारल्याची भाजी ताटातून बाजूला सारणारा आपला बाप, केवळ लेकीचा पाला पहिला आला म्हणून तो काढा प्यायला असणार. हृदयाचे ठोके मंदावतात, चुकतात आणि थांबतात, हे तिने स्वतःच वाचलं होतं. वाचलेलं सगळं आता एकेक करून आठवत होतं. ती मनातल्या मनात म्हणत राहिली, पप्पा, फक्त पोचा.

दवाखान्यात तिचा बाप, प्रदीप, खाटेवर होता. छातीवर वायरी, हाताला सलाइन, चेहरा राखेसारखा. पण डोळे उघडे. तेजल धावत खाटेपाशी गेली.

"किती घेतलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक घोट," प्रदीप ओशाळून म्हणाला. "लय कडू. त्यानंच उलटी झाली. पेला ठिवला तसाच."

डॉक्टरांनी मॉनिटर नीट पाहिला. ठोके ठीक होते. रात्रभर लक्ष ठेवू, पण घाबरण्यासारखं दिसत नाही, असं ते म्हणाले. तेजलच्या जिवात जीव आला. ती बापाचे पाय धरून भडाभडा रडली, आणि रडता रडता हसलीही.

"उरलेला काढा ओतून दिला ना?" डॉक्टरांनी जाता जाता विचारलं.

रतनबाई भिंतीला टेकून बाकावर बसली होती. तोंडाला पदर लावलेला.

"ओतू कसा? पोरीचा पयला आलेला पाला. पेला भरून हुता. मीच प्याले."

"आये! फोनवर सांगितलं का न्हाईस?"

"यांची घाई हुती न्हवं? मला नुसतं गरगरतंय."

त्या लहानशा दवाखान्यात मॉनिटर एकच होता. नर्सने धावत जाऊन प्रदीपच्या छातीवरच्या वायरी काढायला घेतल्या.

"त्यांचं नका काढू," रतनबाई पुटपुटली. "त्यांना लागत्याल."

तेजलने आईचं मनगट पकडलं. गार, घामेजलेलं. बोटांखाली एक ठोका लागला. तेजल पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिली.