कांजीतलं बोट

धुळ्याच्या सायझिंग कारखान्यात नूर महंमद मास्तरांचं बोट म्हणजे सुप्रीम कोर्ट. ताण्याच्या सुताला द्यायची कांजी ते बोट बुडवून अंगठ्याशी चोळत, "पातळ" म्हणत, की अख्ख्या कारखान्यानं पातळ मानायची. अडतीस वर्षांत कुणाची अपील करायची छाती झाली नव्हती.

आता पोटची पोरगीच उलटली. जळगावला एम.एस्सी. करणारी सादिया डब्याएवढं यंत्र घेऊन आली. तिचं रसायन म्हणे कांजीतल्या साखरेच्या लांबच लांब साखळ्यांना चिकटतं आणि यंत्राच्या निळ्या उजेडात चमकतं. जितकी कांजी जास्त, तितका आकडा मोठा. सोमवारी तिला हे कॉलेजात मांडायचं होतं.

मालक लीलाधरभाऊंना तमाशा हवाच होता. त्यांनी कमीजास्त कांजीचे चार पेले स्वतः भरले, पाचव्यात गुपचूप फिल्टरचं पाणी ओतलं. "यंत्र खरं ठरनं तर मास्तर, उद्यापासून तुमनं बोट खिशात!" ते हसले. मास्तरांना काही हसू आलं नाही.

त्यांनी ओळीनं पाचही पेल्यांत बोट बुडवून निकाल दिला. मग सादियानं थेंब घेतले. चारांत बापलेकीचं जमलं. पाचव्याला मास्तर म्हणाले होते, "निव्वळ पाणी." यंत्र म्हणालं, कांजी आहे.

"यंत्र फेल शे!" लीलाधरभाऊ ओरडले. "मी सोता भरेल शे ते पानी."

मास्तरांची छाती फुगली आणि लगेच बसली, कारण सादियाचे डोळे भरले होते. तेवढ्यात त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चार कांज्यांतून फिरून आलेलं बोट त्यांनीच पाचव्यात घातलं होतं. गप्प बसलं तर मान राहत होता. मोह झाला; खोटं कशाला, फार झाला.

"बेटी," ते म्हणाले, "ताजं पाणी घे. माझं बोट न लावता मोज."

शून्य आलं. मग त्यांनी साबणानं बोट धुऊन बुडवलं, पाणी चमकलं. ब्रशनं घासून बुडवलं. तरी थोडं चमकलंच. भेगांत मुरलेली कांजी काही निघेना. लीलाधरभाऊ पोट धरून हसू लागले. मास्तरांनी हात पाठीमागे नेला. त्यांना फार वाईट वाटलं.

सादियानं तो हात ओढून पुढे घेतला. "अब्बा, कांजी किती ते यंत्र सांगतं. सूत टिकेल की तुटेल, ते नाही सांगत." मग ती वहीत लिहू लागली.

"काय लिहितेस?"

"पाचव्या पेल्यातल्या चुकीचं कारण," तिनं वाचलं, "अडतीस वर्षांचा अनुभव."

मास्तरांनी ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा लीलाधरभाऊ हसायचे थांबले.

"नवी टाकी तयार शे, मास्तर," ते म्हणाले. "आधी पोरले थेंब घेऊ द्या, मंग तुमनं बोट."