मृगानंतरही भरलेला माठ

मी एक जुना माठ आहे. सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, कॉरिडॉरच्या बाजूला उघडणाऱ्या खिडकीखाली बसतो. माझ्यात कांदे असतात. मित्रांनो, माठात कांदे म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. पण मी पाण्यावरून कांद्यांवर कसा आलो ते कळलं, की ते हसू राहणार नाही. मला तर अजूनही ते सगळं खरंच घडलं यावर विश्वास बसत नाही. धक्का लागला की माती तडकते, एवढंच मला ठाऊक होतं. न तडकता आतून हादरता येतं, हे मी इथे शिकलो.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कुंभाराच्या अंगणात झाला. चाकावरून उतरलो तेव्हा मी अगदीच बेढब होतो. कुंभाराच्या बायकोने आतून गोटा धरला, बाहेरून थापीने ठोकून ठोकून माझं पोट गोल केलं आणि मग मला आव्यात भाजलं. मधुमतीबाईंनी बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. आवाज खणखणीत आला, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो.

तिथले चार उन्हाळे मी राजासारखे काढले. पाडव्याला माझ्यात पहिलं पाणी पडायचं. आत वाळ्याची जुडी, वर मोगऱ्याचं फूल. चैत्रातल्या हळदीकुंकवाचं पन्हं माझ्याच पाण्याचं. उन्हातून आलेला माणूस ओगराळ्याने पाणी घ्यायचा, घटाघट प्यायचा आणि 'वा' म्हणायचा. त्या एका 'वा'साठी मी दिवसभर घाम गाळत असे. माझी सगळी विद्या तेवढीच. मी घाम गाळायचा, तो तिथल्या कोरड्या हवेने पिऊन टाकायचा, आणि पाणी आपोआप गार. खालच्या ताटलीत चार थेंब पडले तरी दुपारपर्यंत सुकून जायचे. आणि मृग नक्षत्र लागलं, की मधुमतीबाई मला रिकामा करून, घासून, दोन दिवस वाळवून माळ्यावर पालथा घालायच्या. 'झालं तुझं काम,' असं म्हणायच्या. मला ते आवडायचं नाही. वाटायचं, आणखी थोडं राहू द्या ना भरलेला.

त्यांची मुलगी अश्लेषा सिंगापूरला असते. ती मुळातच काळजीखोर, आणि निहार झाल्यापासून तर तिच्या डोळ्यांना विश्रांतीच नाही. मुलाला वर्षभर सर्दी, म्हणून तिने ठरवलं की आता फ्रिजचं पाणी बंद, बाहेरचं खाणं बंद, सगळं घरी शिजवायचं आणि ऋतूप्रमाणे जगायचं. डिसेंबरात बाजरीची भाकरी आणि डिंकाचे लाडू, चैत्रात पन्हं.

"पण इथे हेमंत ऋतू कुठल्या मॉलमध्ये मिळतो?" तिचा नवरा शैलेंद्र विचारायचा.

"तू कर थट्टा. रात्रभर खोकतो तेव्हा उठतं कोण?"

यावर शैलेंद्र दुसरा लाडू घ्यायचा.

तर त्या ऋतुचर्येसाठी मी आलो. गोधडीत गुंडाळून, विमानात अश्लेषाच्या मांडीवर बसून. "लोक सोनं नेतात, आपण मडकं," शैलेंद्र म्हणाला. मी मात्र फुशारलो होतो. समुद्रापार जाणारा आमच्या आव्यातला मी पहिलाच असेन.

पाडव्याला अश्लेषाने मला भरलं. निहार शाळेतून आला, पेला तोंडाला लावला आणि शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "आई, धिस वन नॉट कोल्ड वॉट."

तो माझा पहिला धक्का. मी दिवसभर घाम गाळला होता, तरी पाणी जसंच्या तसं. हळूहळू उमगलं, की इथली हवा आधीच भिजलेली आहे. तिला माझा घाम नको होता. तो अंगावरून नुसता ओघळायचा आणि खालच्या ताटलीत साचून राहायचा.

"गार नसलं तरी मातीचं आहे. पी," अश्लेषा म्हणाली.

ती रोज माझं पाणी बदलायची, वाळा धुवायची, फूल ताजं ठेवायची. ती ओली ताटली मात्र दिसायला बरी दिसेना, म्हणून तिने माझ्या तिवईला खणाची झालर लावली. जांभळा खण, हिरवे काठ. घरी येणारी प्रत्येक मैत्रीण माझा फोटो काढायची. चैत्रात मी न गारवलेल्या पाण्याचं पन्हं सगळ्यांनी कौतुकाने प्यायलं. झालरीच्या आत कुणी डोकावलं नाही. आत अंधार होता, सावली होती आणि न हलणारं पाणी होतं.

आता जे सांगतो ते सांगताना मला लाज वाटते. एका दुपारी एक डास आत आला. काळा, पायांवर पांढरे पट्टे. थोडा वेळ टेकला आणि गेला. काही दिवसांनी माझ्या पायाशी काहीतरी वळवळलं. बारीक बारीक जीव, वर यायचे, शेपूट हलवत खाली जायचे. मित्रांनो, मला त्यांचा लळा लागला. ज्याचं पाणी कुणाला गार लागत नाही अशा माठाला, आपल्या पाण्यावर कुणीतरी जगतंय याचं केवढं सुख होतं. ते पंख फुटून उडून गेले, की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मग नवे यायचे.

जूनमध्ये मधुमतीबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "मृग लागला. माठ पालथा घातलास का गं?"

अश्लेषा हसली. "आई, इथे कसला मृग? इथे रोज पाऊस आणि रोज ऊन. बारा महिने राहू दे की भरलेला."

"मला काय ठाऊक बाई तिथलं. पण पालथा घालतात."

मी तेव्हा अश्लेषाच्याच बाजूचा होतो. पालथं व्हायचं नाही, याचाच आनंद.

त्याच आठवड्यात आमच्या इमारतीखाली डेंग्यूच्या इशाऱ्याचा लाल फलक लागला. अश्लेषाचे डोळे आणखी मोठे झाले. निहारला पूर्ण बाह्या, हातापायांना मलम, दप्तराला डास पळवणारी चिकटपट्टी. कॉरिडॉरमधून जाताना ती प्रत्येकाच्या दारातल्या कुंड्या निरखायची. शेजारच्या आंटी स्यूच्या दारात काचेच्या बरणीत, पाण्यात उभी बांबूची रोपं होती. या आंटी म्हणजे सत्तरीची एकटी बाई. अश्लेषाला कामावरून यायला उशीर झाला, की निहार त्यांच्याकडे असायचा.

"आंटी, दॅट वॉटर..." अश्लेषा एकदा खिडकीतून म्हणाली.

"माय वन एव्हरी टू डे चेंज, ला. यू कम अँड सी." वाक्याच्या शेवटी 'ला' लावायची इथली रीतच आहे.

अश्लेषा बघायला गेली नाही. पण तिचं समाधानही झालं नाही.

मग निहारला ताप आला. पहिल्या दिवशी वाटलं, नेहमीचाच. तिसऱ्या दिवशी तो डोळे दुखतात म्हणून रडायला लागला, वरणभाताचा वास नको म्हणाला. रक्त तपासलं. डेंग्यू. प्लेटलेट्स घसरत होत्या, म्हणून हॉस्पिटलात ठेवलं. घर एकदम रिकामं झालं. मी भरलेलाच होतो.

दुसऱ्या सकाळी अश्लेषा कपडे न्यायला आली. केस विस्कटलेले, कानाला फोन. शैलेंद्र पलीकडून सांगत असावा, कारण ती सारखं "आणखी कमी?" एवढंच विचारत होती. तेवढ्यात खिडकीशी आंटी स्यू आल्या. हातात झाकणाचा डबा. त्यात तांदळाची मऊ पेज होती.

"फॉर द बॉय. इझी टू स्वॅलो."

अश्लेषाने डबा घेतला नाही. इंग्रजीत म्हणाली, "नको आंटी. आधी तुमची ती बरणी हटवा. माझा मुलगा तुमच्या दारात खेळायचा."

आंटींनी झाकण पुन्हा दाबलं. डबा घेऊन परत गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज मी दार लागेपर्यंत ऐकला. मग अश्लेषाने फोनवरून डास-नियंत्रण खात्याकडे तक्रार नोंदवली. बरणीचा फोटोही नीट काढला.

दोन दिवसांनी खात्याचे पाहणी करणारे आले, तेव्हाही ती योगायोगाने घरी होती. एक बाई, एक पुरुष, हातात टॉर्च. आधी ते शेजारी गेले. अश्लेषा खिडकीपाशी श्वास रोखून उभी होती. बरणीतलं पाणी काचेसारखं निघालं. रोपांच्या मुळांशी धुतलेले गोटे होते.

"मॅडम, नाऊ युवर हाऊस, कॅन?"

"येस, कम इन," अश्लेषा म्हणाली. तिला कसलीच भीती नव्हती. बाथरूम पाहिलं, कुंड्या पाहिल्या, कपडे वाळत घालायच्या काठ्या खोचायच्या नळ्या पाहिल्या. बाई जाता जाता माझ्यासमोर थांबली.

"व्हेरी नाइस. धिस क्लॉथ कॅन लिफ्ट?"

झालर उचलली. टॉर्चचा उजेड माझ्या पायाशी पडला. माझी सगळी पिलावळ त्या उजेडाला दचकून वळवळत खाली गेली.

बाईने छोट्या नळीत थोडं पाणी घेतलं आणि ती नळी अश्लेषाच्या डोळ्यांसमोर धरली. अश्लेषा बघत राहिली. मग भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसली, थेट माझ्यासमोर. आणि मला तेव्हा कळलं. ज्यांचा मला लळा लागला होता, जे उडून गेल्यावर मी उदास व्हायचो, ते उडून कुठे गेले होते. मित्रांनो, आव्यातही मी इतका भाजलो नव्हतो.

पाहणीवाले दंडाचा कागद देऊन गेले. अश्लेषाने मला मोरीत नेऊन रिकामं केलं, ताटलीत उकळतं पाणी ओतलं, खणाची झालर कचऱ्यात टाकली. मग तिने फोन पाहिला, ठेवला, आणि अनवाणीच बाहेर गेली. खिडकीतून मला तिचा आवाज ऐकू येत होता.

"आंटी, माझ्याच घरात होतं. माझ्या माठाखाली. तुमच्याकडे नाही." ती मराठीतच बोलत होती, तिच्या लक्षातही आलं नाही. मग तेच इंग्रजीत बोलली, आणि मध्येच थांबली. "आय कंप्लेन्ड, आंटी. आय ओन्ली."

मला वाटलं दार लागेल.

"बॉय ईट ऑलरेडी ऑर नॉट?" आंटी स्यूंनी विचारलं.

अश्लेषा तेव्हा रडली. या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा.

त्या दुपारी पेज थर्मासमधून हॉस्पिटलात गेली. निहारने चार चमचे खाल्ली आणि पाचवा मागितला, हे शैलेंद्रने फोनवर सांगितलं. त्यानंतरही दोन दिवस भीतीचे होते. मी मोरीत आडवा पडून प्रत्येक फोन ऐकत होतो. तिसऱ्या दिवशी अश्लेषा "वाढल्या?" म्हणाली, आणि पुन्हा एकदा, "खरंच वाढल्या?"

निहार घरी आला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. शैलेंद्रने मला दाराशी नेऊन ठेवलं होतं. "हे आधी फेकून देतो."

"डोन्ट थ्रो, ला, बाबा," निहार म्हणाला. "ही डिडन्ट नो."

मी खरंच जाणत नव्हतो. पण त्याने काय फरक पडतो?

अश्लेषाने मला उचलून पुन्हा खिडकीखाली नेलं आणि पालथं घातलं. मग आईला फोन लावला. "आई, पालथा घातला गं माठ," एवढंच म्हणाली. तीन दिवस मी खिडकीखाली पालथा होतो. पूर्ण सुकल्यावर तिने माझ्यात कांदे भरले. ऋतुचर्या तिने सोडलेली नाही, फक्त बदलली. आता ती आंटींबरोबर बाजारात जाते, इथे जे पिकतं, इथल्या उकाड्यात जे पचतं, ते विचारून आणते. डिसेंबरातले डिंकाचे लाडू बंद झाले, याचं दुःख फक्त शैलेंद्रला आहे.

मित्रांनो, मला तुमची एकच विनवणी आहे. आम्हा जुन्या वस्तूंना तुम्ही प्रेमाने दूरदेशी नेता, सजवता, फोटो काढता. पण आमच्या गावची कोरडी हवा आणि आमचा मृग तुम्हाला बरोबर आणता येत नाही. म्हणून वरचं फूल बदलाल तेव्हा खालची ताटलीही उचलून बघा. दुसऱ्याच्या दारातली बरणी बघण्याआधी बघा. आणि पालथं व्हायची वेळ आली, की आम्हाला पालथं करा. आम्हाला वाईट वाटेल, ते मनावर घेऊ नका.

आता दर रविवारी सकाळी निहार आणि आंटी स्यू कॉरिडॉरमधली प्रत्येक कुंडी उचलून बघतात. शेवटी निहार माझ्यापाशी येतो. कांदे काढतो, बोटाच्या पेराने मला वाजवतो, मग दोन्ही हातांनी तिरका करून खाली वाकून बघतो. मी श्वास धरून असतो.

"नथिंग, ला," तो म्हणतो.

पूर्वी मी 'वा'साठी जगायचो. आता एवढं ऐकलं, की माझा आठवडा निघतो.