स्वभावाचे पन्नास गुण

शहाऐंशीच्या दुष्काळात आमचा सहकारी साखर कारखाना बंद पडला. गाळायला ऊसच नव्हता. रिकामे झालेले संचालक मग कारखान्याच्या ट्रस्टच्या दवाखान्यात लक्ष घालू लागले. तिथं सर्जरी शिकायला निवासी डॉक्टरची एकच जागा होती. चेअरमन सर्जेराव आण्णांनी नियम काढला: परीक्षेचे पन्नास गुण, स्वभावाचे पन्नास. विचार वाईट नव्हता. पण स्वभाव तपासणार कोण, तर हे संचालक. ह्यांना स्वभाव कळतो तो समोरचा किती वाकला त्यावरून.

उमेदवार दोघं. नांदूरघाटची विशाखा ओव्हाळ परीक्षेत पहिली आलेली. जिल्ह्यातच राहून सर्जन व्हायचा तिचा हट्ट होता, आणि ही जागा गेली तर दुसरी नव्हती. दुसरा आष्टीचा गहिनीनाथ, काठावर पास, पण पाया पडण्यात तरबेज.

आण्णांनी युक्ती लढवली. संचालक आप्पारावांनी खाटेवर पडून पोटदुखीचं सोंग करायचं आणि मायेनं कोण बघतंय ते बाकीच्यांनी बघायचं. आण्णांच्या हो ला हो करण्यात जन्म घालवलेले आप्पाराव सकाळपासूनच कण्हायला लागले. सगळे म्हणाले, गडी काय तयारी करून आलाय.

गहिनीनाथनं त्यांना काका म्हणून हाक मारली, पाय चेपले, पोटावरून हात फिरवला, डोळेसुद्धा पुसले. संचालक गहिवरले.

विशाखानं पोट उजवीकडे खाली हळूच दाबलं आणि हात झटकन सोडला. आप्पाराव किंचाळले. संचालकांनी टाळ्या वाजवल्या.

"आण्णा, खरंच दुखायलंय," आप्पाराव म्हणाले, तर टाळ्या आणखी वाढल्या.

"टाळ्या बंद करा अन् जीप काढा," विशाखा म्हणाली. "अपेंडिक्स हाय. फुटलं तर माणूस जाईल."

हे सोंग आहे, असं आण्णांनी तिला हसत समजावलं. ती ऐकायला थांबलीच नाही. आमचे सर्जन रजेवर होते, म्हणून ड्रायव्हरला दरडावून ती आप्पारावांना अंबाजोगाईला घेऊन गेली. तिथं लगेच ऑपरेशन झालं. थोडा उशीर झाला असता तर आप्पाराव हाती लागले नसते. इकडं आण्णांनी तिला स्वभावाचा भोपळा दिला. कारण काय, तर मोठ्यांवर खेकसते.

पुढं निवडीसाठी सभा भरली. आमच्या सहकारात चर्चा नसते. चेअरमन ठराव वाचतात, सभासद मंजूर म्हणून ओरडतात, की झालं. आण्णांनी गहिनीनाथचं नाव वाचलं. विशाखा दाराशी उभी होती. आप्पाराव पहिल्या रांगेत, टाक्यांवर हात ठेवून बसलेले. मला वाटलं, आता तरी हा माणूस तोंड उघडेल. त्यानं उघडलं. सगळ्यांच्या आधी, टाके सांभाळत तो ओरडला, "मंजूर."

बाहेर आल्यावर माझं डोकंच फिरलं होतं. आप्पारावाला गाठून म्हटलं, "असं कामून केलंस रं?"

"पोरगी लई हुशार हाय," आप्पाराव म्हणाला. "तिच्यामुळंच जगलो. पण आण्णासमोर कशी बोलली, बघितलं न्हाई का?"