पूजेच्या ताटातला पेनड्राइव्ह

यशपाल एकोणीस वर्षं गोकुळ रोडवरच्या महादेवअण्णांच्या वर्कशॉपात लेथ मशीनवर उभ्यानं काम करत होता. कंबर गेली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्याचा डोळा अण्णांच्या केबिनमधल्या ड्रॉइंगच्या टेबलावर गेला. बसून काम, वर पंखा, माणसाला आणखी काय लागतं? पण त्या टेबलावरचा कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबा. विंडोज उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, आणि भाद्रपदात तर तो उघडेनासाच झाला.

"भंगारात घालतो," अण्णा म्हणाले. "ड्रॉइंगं बाहेरून करून घेऊ."

"अण्णा, विंडोजच्या जागी लिनक्स घालून बघू का? जुन्या मशीनला झेपतं ते." हे ज्ञान यशपालनं मुलीच्या, प्रीतीच्या, मोबाइलवर व्हिडिओ बघून मिळवलं होतं.

"बघ बापडा. चालला तर टेबल तुझं. पण एकदा जरी बंद पडला ना, तर तू लेथवर आणि डबा भंगारात. मग माझ्यापुढं रडायचं नाही."

आणि चालला की हो! यशपालनं लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह मागं खुपसला, रविवारचा अख्खा दिवस त्या खोक्यापुढं घालवला आणि सोमवारी अण्णांसमोर ड्रॉइंग उघडून दाखवलं. पेनड्राइव्ह मागं तसाच राहिला, त्याच्याकडं कोण बघतंय? दोन आठवडे यशपाल खुर्चीवर बसला. घरी जाऊन प्रीतीला म्हणायचा, "पाय दुखत नाहीत गं आता." खोटं नव्हतं ते.

मग खंडेनवमी आली. गोकुळ रोडवर त्या दिवशी यंत्रं धुऊन पुसून, कुंकू-फुलं लावून पुजतात आणि दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर चालू करतात. यशपाल या पूजेला नसायचा. दसऱ्याला त्याच्या वस्तीत धम्मचक्र प्रवर्तन दिन, आणि मंडपापासून खुर्च्यांपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. त्यामुळं कॉम्प्युटर पुसला तो अनुसयाक्कानं. अक्का साठीची, वर्कशॉप झाडणारी, चहा करणारी, आणि फडकं हातात असलं की कुणाचं न ऐकणारी. मागं खुपसलेला पेनड्राइव्ह दिसला तशी तिनं तो उपसून काढला. "एवढंसं असलं तरी हत्यारच," म्हणाली आणि मापं घ्यायच्या व्हर्नियरच्या शेजारी पूजेच्या ताटात ठेवून त्यालाही कुंकू लावलं.

दसऱ्याला मुहूर्तावर अण्णांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. काळा पडदा, वर पांढरी ओळ एक: बूट करायला काही सापडत नाही. दुसऱ्या दिवशी यशपाल आला तेव्हा अण्णा दारातच उभे होते.

"येनातो?" रागात त्यांच्या तोंडून कानडीच निघालं. "काय झालं रे तुझ्या लिनक्सचं?"

यशपाल थेट केबिनमध्ये गेला. त्यानं डबा उघडला. रॅम काढून रबरानं घासली, केबल काढून परत बसवली. सेटिंगात जाऊन पाहिलं तर हार्ड डिस्क दिसत होती, ठणठणीत. मग रोग आहे कुठं?

"याला हात कुणी लावला?" तो ओरडलाच.

"मी पुसला रे," अक्का म्हणाली. "ओल्या फडक्यानं. पण पिळून घेतलं होतं, शपथ."

"पाणी गेलं असणार आत! अक्का, सांगितलं कुणी होतं तुम्हाला?"

अक्काचा चेहरा पडला. अण्णा तिच्याकडं रागानं बघत शेडमध्ये गेले.

आतून तपासायचं तर पेनड्राइव्ह हवा. तो ताटात सापडला. यशपालनं कुंकू पुसून तो लावला. आता लिनक्स घालायचा मेनू येईल, मग बघू, असा त्याचा हिशोब. मेनू आलाच नाही. थेट त्याची रोजची स्क्रीन उघडली, ड्रॉइंगांसकट.

यशपाल थंडच पडला. सगळं लिनक्स डिस्कवर होतं, पण ते जागं करणारा बूटलोडर त्या रविवारी त्यानं स्वतःच्या हातानं पेनड्राइव्हवर टाकला होता. कुठं ठेवू, असं मशीननं विचारलं होतं. यानं न वाचता 'पुढे' दाबलं होतं. पाणीबिणी काही नाही. पेनड्राइव्ह काढला, खेळ खलास.

त्यानं एका ओळीची आज्ञा देऊन बूटलोडर डिस्कवर घातला, पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि मशीन दोनदा बंद-चालू केलं. दहा मिनिटांचं काम. अण्णा आत आले. मागं चहाची किटली घेऊन अक्का.

"काय होतं?"

यशपालच्या डोळ्यांपुढं लेथ आला. त्यानं अक्काकडं पाहिलं आणि म्हणाला, "ओल गेली होती आत. वाळवली."

अण्णांनी अक्काला चार शब्द सुनावले. तिनं मान खाली घालून ऐकून घेतले.

त्या दिवसापासून अक्का केबिन झाडायची, पण टेबलाच्या आसपास केरसुणी न्यायची नाही. चहाचा कप दाराशी स्टुलावर ठेवायची. यशपाल बसून काम करत होता आणि त्याला बसवत नव्हतं. लाज वाटत होती, दुसरं काय! उद्या सांगू, परवा सांगू, असं करत शनिवार आला.

शनिवारी अक्का केबिनमध्ये आली. "अण्णा, सोमवारपासून मी येत नाही. हाताला अंदाज राहिला नाही माझ्या. मुलाला सांगितलंय घरी."

यशपाल ताडकन उठला. "अण्णा, ओल नव्हती. चूक माझी होती." आणि त्यानं सगळं सांगून टाकलं, रविवारपासून पेनड्राइव्हपर्यंत. आता टेबल गेलं, हे धरूनच सांगितलं.

अण्णा हसायलाच लागले. "हात्तिच्या! एवढंच? अरे, चालतोय ना आता? मग बस की गप. टेबल तुझंच." मग अक्काकडं वळून म्हणाले, "ऐकलंत ना? तुमची काही चूक नाही. सोमवारी या."

"ऐकलं," अक्का म्हणाली. पण ती अण्णांशी बोलतच नव्हती. "यशपाल, तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी, अक्का. अण्णांना ओलीचं सांगायच्या आधीच."

"म्हणजे माझ्या तोंडाकडं बघून खोटं बोललास."

तिनं कमरेला खोचलेल्या वर्कशॉपच्या किल्ल्या काढून टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी ठेवल्या आणि ती निघाली.