चित्रातला करपा

म्हसावदहून निघतानाच वत्सलाबाईंनी नवऱ्याला गाडीत बजावलं होतं, "तठे केळीना विषय काढू नका." जिभेला आवर घालणं बन्सीलालना जन्मात जमलं नव्हतं, पण आज प्रश्न मिथुनचा होता. पोराला नूतन मनापासून आवडली होती, आणि ती तर येईल त्या स्थळाला नकार देत सुटली होती. म्हणून मुलीच्या घरी पोहे संपेपर्यंत बन्सीलाल अगदी शहाण्यासारखे वागले.

घात केला समोरच्या भिंतीने. तिथे नूतनने रंगवलेलं बागेचं चित्र होतं. त्यात रेघ म्हणून नाही, नुसते रंगाचे ठिपके आणि फटकारे.

"काका, यामा तुमले काय दिखस?" नूतनने विचारलं.

बन्सीलाल उठले आणि चित्राला जवळजवळ नाकच लावलं. हिरव्यावर पिवळे ठिपके, कडेला तपकिरी. सगळा जन्म केळीत गेलेल्या माणसाने गप्प तरी किती बसावं?

"करपा शे," ते कळवळून म्हणाले. "पुरी बाग गई!"

करपा म्हणजे केळीच्या पानांवरचा, वाऱ्याने बागभर पसरणारा रोग. मिथुनने कपाळाला हात लावला. वत्सलाबाईंना तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मुलीचे वडील गोपालभाई चष्मा चढवत पुढे आले. तेही केळीवालेच.

"करपा नही भाऊ, व्हायरस शे. पट्टा दखा ना!"

"व्हायरसमा कवळं पान सडस. आठे कोठे सडेल शे?"

"बाबा, ह्या गुलाब शेतस," नूतन म्हणाली. तिचं ऐकतो कोण?

"पान उलटं करीसन दखनं पडस," म्हणत बन्सीलालनी चित्र खिळ्यावरून काढलं आणि पालथं केलं. मागच्या कोऱ्या कापडाकडे दोघे बाप गंभीर चेहऱ्याने बघत राहिले. गोपालभाई म्हणाले, झाडं उपटून गाडा. बन्सीलाल म्हणाले, पानं छाटून फवारा मारा. दोघांचे आवाज चढले आणि चहा निवून गेला.

"माफ कर व माय," वत्सलाबाई रडवेल्या होऊन नूतनला म्हणाल्या. "यास्ले मी कितलं सांगेल व्हतं."

नूतन हसून हसून डोळे पुसत होती. "मावशी, आजपावत जो उना तो 'भारी शे' म्हनीसन पोहे खावाले लागना. या दोन्हीजन मन्हं चित्र दखी तरी ऱ्हायनात." मग ती मिथुनकडे वळली. "आनि तुमले काय दिखस?"

चित्रातलं मिथुनला ओ की ठो कळत नव्हतं.

"गुलाब," तो म्हणाला. "तुम्हीच सांगं ना आते, गुलाब शेतस म्हनीसन."

एवढ्या गोंधळात तिचं बोलणं ऐकणारा तो एकटाच निघाला. नूतन त्याच्याकडे बघतच राहिली, आणि मग वत्सलाबाईंच्या पाया पडली.

लग्नानंतर ते चित्र म्हसावदला आलं. बन्सीलालनी ते कौतुकाने स्वतःच्या हाताने बैठकीत टांगलं, येणाऱ्याजाणाऱ्याला सुनेची कला म्हणून दाखवलं. फक्त केळीच्या शेताकडे उघडणारी खिडकी तेवढी त्या दिवसापासून बंद ठेवली.