सरूबाईंच्या तव्यावरचा शनिवार

मित्रांनो, मी लोखंडाचा तवा आहे, तोही जुना. माझा एक कान मोडला आहे आणि मधोमध मी थोडा खोलगट झालो आहे. मंचरच्या एका गल्लीत, सरूबाईंच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या टाकीमागे भिंतीला टेकून मी उभा असतो. आज मी फार दमलो आहे. तरी कालचा दिवस तुम्हाला सांगायचा आहे. तो सांगितल्याशिवाय मी निवणार नाही.

माझा जन्म निमगाव सावाजवळच्या एका लोहाराच्या भात्यापुढे झाला. सरूबाईंच्या वडिलांनी लेकीच्या लग्नासाठी मला मुद्दाम घडवून घेतलं. तिच्याबरोबर मी महाळुंगे पडवळला आलो. तिथे चुलीवर माझी उमेदीची वर्षं गेली. कांदाकाढणीच्या दिवसांत वीस-वीस माणसांच्या भाकऱ्या माझ्यावर व्हायच्या. "सरूबाईचा तवा लई गुणाचा, भाकरी कशी टम्म फुगती," असं बायका म्हणायच्या. मला बरं वाटायचं.

पुढे सरूबाईंच्या मुलाला, सुभाषला, मंचरला नोकरी लागली. सगळं घर इकडे आलं. सून हर्षाली एका दवाखान्यात नोंदणीचं काम करते. तिने काळा गुळगुळीत नॉनस्टिक तवा आणला. त्याला मऊ कपड्याने पुसतात आणि खणात ठेवतात. मला मात्र भाकरीपुरतं काढायचं आणि ओलं तसंच मोरीत टाकायचं. मला गंज चढतो. सरूबाई तारेच्या घासणीने तो काढतात, पण त्यांचा उजवा खांदा महिन्याभरापासून दुखतो आहे. घासताना त्या सारखा हात बदलतात.

काल शनिवार होता. सकाळी साडेपाचला मी गॅसवर चढलो. सरूबाईंचे यजमान रखमाजी मोटारसायकलवर महाळुंग्याला शेतावर जातात, त्यांच्या न्याहारीच्या भाकऱ्या झाल्या. मग सुभाषचा आणि हर्षालीचा डबा झाला. डबा हातात घेता घेता हर्षाली म्हणाली, "आई, संध्याकाळी गल्लीचं जेवण आहे. प्रत्येक घरानं एक पदार्थ आणायचा. मी आपलं नाव भाकरीला दिलंय."

"किती करायच्या?" सरूबाईंनी विचारलं.

"चाळीसेक. तिथंच गरम गरम करून वाढा. तुमच्या हाताला सवय आहे, पटकन व्हतील."

सरूबाई "बरं" म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. हर्षालीची बस चुकत होती, ती गेली.

दुपारी सगळं आवरून सरूबाई ताट घेऊन बसल्या, तेवढ्यात रखमाजी दारात आले. बरोबर गावाकडचे गेणभाऊ होते.

"पावणं आल्यात," रखमाजी म्हणाले. "काय असंल ते वाढ."

सरूबाईंनी आपलं ताट उचलून गेणभाऊंपुढे ठेवलं. पुन्हा पीठ मळलं, पिठलं टाकलं. दोघं जेवून उठले तेव्हा डब्यात भाकरी उरली नव्हती. सरूबाईंनी कपभर चहा घेतला आणि संध्याकाळचं बाजरीचं पीठ चाळायला बसल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात फक्त चहा होता. हे मला ठाऊक होतं, बाकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

गल्लीचं जेवण साडेचारलाच ठेवलं होतं, कारण शेजारच्या मंगलाबाई जैन आहेत. सूर्य मावळला की त्या अन्न घेत नाहीत, पाणीसुद्धा नाही. त्यांच्याच दारापुढे सतरंज्या अंथरल्या होत्या. त्यांची सून डिंपल मोबाईलमधली यादी बघून पातेली मांडून घेत होती. मासवडी आली, मसालेभात आला, गाजराचा हलवा आला. मंगलाबाईंनी बिनकांद्याची, बेसनाच्या गट्ट्यांची भाजी केली होती. कडेला शेगडी होती आणि शेगडीवर मी.

पहिली भाकरी सरूबाईंनी मंगलाबाईंसाठीच टाकली. पण मंगलाबाई सगळ्यांना भाजी वाढत राहिल्या, आणि ती भाकरी भलत्याच ताटात गेली. मग मागणी सुरू झाली. "इकडं एक गरम," "दोन द्या, मावशी," "राव, काय भाकरी आहे!" सरूबाई थापत होत्या, मी भाजत होतो. पंचवीस झाल्या, तीस झाल्या. त्यांचा उजवा खांदा वर उचलेना. त्यांनी डाव्या हाताने थापायला घेतलं आणि भाकरी वेडीवाकडी झाली. कुणीतरी हसलं. वाईट हेतूने नव्हे. पण मी तापलेला होतो, मला ते लागलं.

पावणेसहा झाले असतील. ऊन समोरच्या गच्चीच्या कठड्यावर चढलं होतं. मंगलाबाई आता कुठे स्वतःचं ताट घेऊन भाकरी न्यायला आल्या. भाकरी घेता घेता त्यांनी सरूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"सरूबाई, तुम्ही जेवलात का?"

"मागून बसते, भाभी. तुमचा टाइम जाईल, तुमी जेवा."

"दुपारी काय खाल्लं?"

सरूबाईंनी भाकरी उलटली.

मंगलाबाईंनी पातेल्यांत डोकावून पाहिलं. मासवडीचा रस्सा तळाला गेला होता, हलव्याचं पातेलं खरडलेलं होतं. त्यांनी आपलं ताट, वर ती गरम भाकरी, तसंच सरूबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"हे खा आधी. उठा इथून."

"भाभी, अवो तुमचं..."

"उठा म्हणते ना."

त्या माझ्यापुढे बसल्या. मित्रांनो, मंगलाबाईंचा हात फुलक्याचा. बाजरीची भाकरी त्यांना येत नाही. पहिली माझ्यावर टाकताना दुभंगली, दुसरीची कड करपली. "आज तुटकीच खा सगळे," त्या शांतपणे म्हणाल्या. आता कुणी हसलं नाही. सरूबाई भिंतीला टेकून, डोळे मिटून, सावकाश चावत होत्या. इतक्या वर्षांत माझ्यावरची गरम भाकरी त्यांना दुसऱ्या कुणी वाढलेली मी प्रथमच पाहिली.

डिंपल घाईघाईने आली. "मम्मी, सूर्य चाललाय. तुम्ही काहीच खाल्लं नाही."

"राहू दे. सकाळी बघू."

हे हर्षालीने ऐकलं. ती मसालेभाताचं ताट घेऊन मैत्रिणींत बसली होती. तिने एकदा सासूकडे पाहिलं, एकदा मंगलाबाईंच्या पिठाने भरलेल्या हातांकडे. ताट ठेवून ती धावत पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"काकू, पाणी तरी घ्या. अजून ऊन आहे कठड्यावर."

मंगलाबाई घोटभर पाणी प्यायल्या. ऊन गेलं. त्या उपाशीच उठल्या.

हर्षाली पदर खोचून त्यांच्या जागी बसली. उरलेल्या भाकऱ्या तिने केल्या. चांगल्या झाल्या नाहीत. भाजताना ती मान वर न करता म्हणाली, "आई, मी तुम्हाला विचारायला पाहिजे व्हतं."

सरूबाई म्हणाल्या, "खांदा लई दुखतोय गं. सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

आज सकाळी सूर्य वर आल्यावर हर्षालीने माझ्यावर दोन भाकऱ्या केल्या आणि एका ताटलीत झाकून मंगलाबाईंकडे नेल्या. दुपारी ती सरूबाईंना खांदा दाखवायला आपल्या दवाखान्यात घेऊन गेली. जाण्यापूर्वी तिने मला कोरडं पुसलं. तेल लावायचं राहिलं, पण असू दे.

मित्रांनो, मी लोखंड आहे. झिजलो तरी माझं काही अडत नाही. पण माझ्यापुढे बसणाऱ्या माणसाचे हात लोखंडाचे नसतात. तुमच्या ताटात गरम भाकरी पडली, की ती खाण्याआधी चुलीकडे एकदा वळून बघा. तिथे बसलेली व्यक्ती जेवली आहे का, ते विचारा. ती "मागून बसते" म्हणाली, तर तिचं ऐकू नका.